आतून वाजणारं दार

आमच्या आत्याला खोलीतून बाहेर यायचं असलं की ती आतून दार वाजवायची. दोनदा, बोटांच्या पेरांनी. मग विचारायची, "येऊ का?" आणि उत्तर येईपर्यंत दारामागे उभी राहायची.

बनशंकरीचं आमचं घर म्हणजे तीस बाय चाळीस फुटांच्या साइटवर, म्हणजे प्लॉटवर, अण्णांनी, माझ्या वडिलांनी, बांधलेल्या चार खोल्या. त्यातली मागची, नारळाच्या झाडाकडची खोली आत्याची. नवऱ्याने टाकल्यावर ती मुलीला घेऊन भावाकडे आली ती कायमची. मुलगी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिला मी अक्का म्हणतो. घरात आणखी भावंड नाही, त्यामुळे आम्ही दोघं एका ताटात जेवून, एकमेकांची पुस्तकं फाडून वाढलो.

आत्याच्या दाराला बाहेरून कधी कुणी कडी लावली नाही. तरी ती विचारल्याशिवाय बाहेर येत नसे. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "या की हो, कोण अडवलंय तुम्हाला!" की मग दार उघडायचं. घरात कुणी नसलं तर ती तशीच उभी राहायची. एकदा मी कॉलेजातून लवकर आलो. घर सामसूम. पाणी प्यायला मागे गेलो तर दाराखालच्या फटीतून मला तिच्या पायांची बोटं दिसली. जोडव्यांसकट, अगदी उंबऱ्याला टेकलेली. किती वेळ उभी होती कोण जाणे. माझी चाहूल लागल्यावर तिने दार वाजवलं. तळहात दारावर सपाट टेकवून, दुसऱ्या हाताने वाजवायची ती. दार थोडं उघडं असताना मी हे पाहिलं होतं.

आत्या गेली तेव्हा अक्काचं लग्न होऊन ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, येलहंक्याला, राहायला गेली होती. एका शाळेच्या ऑफिसात नोकरीला होती. मी एका पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, रसायनशास्त्र शिकवत होतो, अजूनही शिकवतो. हे सगळं तिथेच संपायला हवं होतं.

माझा एक कॉलेजातला मित्र होता. कन्नडिगा. मला "मगा" म्हणायचा, म्हणजे "पोरा", पण इथे मित्र एकमेकांना तसंच म्हणतात. इंदिरानगरला एका जुन्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत त्याचं ऑफिस होतं. साबणाच्या आणि साड्यांच्या जाहिराती करायचा आणि सिनेमाची स्वप्नं बघायचा. एका रविवारी दुपारी त्याच्याकडे बसलो होतो. तो वैतागला होता. भुतांच्या सिनेमाची गोष्ट लिहीत होता आणि त्याला कशाचीच भीती वाटत नव्हती.

"तुला कधी घाबरायला झालंय का रे?" त्याने विचारलं.

मी त्याला आत्याचं दार सांगितलं. फटीतली बोटं सांगितली. टेकवलेला तळहात सांगितला. मला आठवतंय, मी चांगलं सांगितलं. कुठे थांबायचं ते वर्गात शिकवून शिकवून मला कळलेलं होतं. "येऊ का?" हे मी हळू आवाजात म्हणालो आणि गप्प बसलो.

त्याने वही पुढे ओढली. मग म्हणाला, "का वाजवायची ती?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "डोक्यात थोडं काहीतरी होतं. पहिल्यापासूनच."

तेवढ्यावर त्याने सिनेमा केला. शहराबाहेर हेसरघट्ट्याकडे एक बंद पडलेलं घर भाड्याने घेतलं आणि पाच-सहा माणसांत काम उरकलं. सिनेमात एक नवं जोडपं त्या घरात राहायला येतं. मागच्या एका खोलीचं दार आतून वाजतं आणि एक बाई विचारते, "बर्ला?" कन्नडमधलं "येऊ का?" बाई दिसत नाही. दार उघडत नाही. दोन तासांत दिसतात ती फक्त फटीतली बोटं, तीही दोनदाच. शेवटी ती तरुण बायको दाराला कान लावून उभी राहते, मग काही न बोलता आपली बॅग उचलून निघून जाते. पडदा काळा होतो आणि त्या काळोखात दार वाजत राहतं. कुणी उत्तर देत नाही.

मी पहिल्याच दिवशी गेलो. लोक श्वास रोखून बसले होते. माझ्या शेजारचा एक धिप्पाड माणूस बोटं दिसल्यावर खुर्चीत मागे सरकला. सुरुवातीला पडद्यावर आभार होते: एका मित्राचे, आणि त्याच्या आत्याचे. मला भरून आलं. खोटं कशाला सांगू, अभिमान वाटला. मी तो सिनेमा तीनदा पाहिला.

अक्काला फोनवर म्हणालो, "एक सिनेमा आलाय. त्यात आत्याचं थोडं काही आहे. तू बघू नको, उगाच त्रास होईल."

"सरी," ती म्हणाली. बरं, एवढंच. तो विषय तिथे मिटला असं मी धरून चाललो.

सिनेमा खूप चालला. मित्र मोठा झाला, गच्चीवरून खाली आला, मग त्या इमारतीचा एक मजला त्याचा झाला. माझंही थोडं नाव झालं. कॉलेजात मुलं विचारायची, "सर, ती आत्या खरंच होती?" लग्नाकार्यांत, सहकाऱ्यांच्या घरी जेवणावळींत मला तो किस्सा सांगायला लावायचे. मी सांगायचो. सांगता सांगता त्याला धार येत गेली. घर थोडं मोठं झालं, नारळाचं झाड खिडकीवर घासायला लागलं, जोडव्यांचा आवाज यायला लागला. आत्याला जाऊन जितकी वर्षं होत गेली तितकी ती माझ्या किश्शात जास्त जास्त भीतिदायक होत गेली.

बारा वर्षांनी दुसरा भाग यायचं ठरलं. मला ते एका विद्यार्थ्याने ट्रेलर दाखवला तेव्हा कळलं. मोबाईलवर चाळीस सेकंदांत दार फुटलं, धूर आला आणि लांब केसांची, पांढऱ्या डोळ्यांची बाई छतावरून उलटी चालत आली. मी मित्राला फोन केला. आता तो फोन लगेच उचलत नसे. तिसऱ्या दिवशी त्याचा आला.

"दार का उघडलंस?" मी विचारलं.

"मगा, बारा वर्षं लोक मला विचारतायत, आत काय आहे, आत काय आहे. किती दिवस टाळू?"

"आत काही नव्हतं. आत माझी आत्या होती."

तो हसला. "तेवढ्यावर दुसरा भाग होत नाही."

मी चिडून फोन ठेवला. खरं तर मला राग कशाचा जास्त आला होता ते मला तेव्हाही माहीत होतं. त्याने मला विचारलं नव्हतं.

सिनेमा लागला आणि त्या आठवड्यात "बर्ला?" हे गावभर झालं. आमच्या शेजारच्या अपार्टमेंटमधली मुलं लिफ्टचं दार वाजवून एकमेकांना विचारायची. भाजीवाल्याच्या गाडीवरच्या फोनमध्ये त्याचं गाणं वाजायचं, नाचाचं. इंटरनेटवर लोक भांडत होते, पहिला चांगला की दुसरा. मी रात्रीचं जेवण झालं की ते वाचत बसायचो आणि पहिल्याच्या बाजूने कुणी चांगलं लिहिलं असेल तर त्याला अंगठा द्यायचो.

आणि एका शुक्रवारी अक्काचा फोन आला. "दुसरा भाग लागलाय ना? रविवारी जाऊ या. इकडेच ये, आमच्या इथल्या मॉलमध्ये अकराचा शो आहे."

मला वाटलं, चुकून ऐकलं. "तू? तुला कशाला?"

"ये तर खरं."

मेट्रो आणि मग बस करत दीड तासाने येलहंक्याला पोचलो. अक्का तिकिटं काढून मॉलच्या दाराशी उभी होती. सुती साडी, खांद्याला शबनम, केस आता पूर्ण पांढरे. तिने पॉपकॉर्नची मोठी पुडी घेतली. मी नको म्हणालो.

सिनेमा वाईट होता. भुतांचा सिनेमा म्हणून वाईट आणि साधा सिनेमा म्हणूनही. दहाव्या मिनिटाला दार उघडलं. बाईला पूर्वजन्म मिळाला होता, पाटलाच्या वाड्यावर नाचणारी होती म्हणे, तिने स्वतःचं मूल विहिरीत टाकलं होतं. मांत्रिक आला, लिंबं आली, विनोदी हवालदार आला. बाई "बर्ला?" म्हणाली की अख्खं थिएटर तिच्याबरोबर ओरडायचं, "बा!" म्हणजे "ये!" आणि हशा. पुढच्या रांगेतली दोन पोरं फोन वर करून ते चित्रित करत होती. मी अक्काच्या कानाशी कुजबुजत राहिलो, हे बघ काय केलंय, हे बघ. ती पडद्याकडे बघत पॉपकॉर्न खात होती. एका ठिकाणी, हवालदाराची चड्डी खाली येते तिथे, ती चक्क हसली.

सुरुवातीचे आभार या वेळीही होते. तसेच, शब्दही न बदलता.

बाहेर आल्यावर आम्ही समोरच्या दर्शिनीत गेलो. उभ्याने खायचं हॉटेल, स्टीलची गोल टेबलं. अक्काने बाय-टू कॉफी सांगितली, एकीच्या दोन केल्या. मी बोलतच होतो. पहिल्यात किती संयम होता. पहिल्यात त्या बाईची कीव यायची, भीतीच्या आत कीव होती. दुसऱ्यात सगळी विटंबना. मी याच्यावर लांबलचक लिहिणार आहे, त्या माणसाची लाज काढणार आहे, असं सगळं.

"मला हा बरा वाटला," अक्का म्हणाली.

"हा? पहिल्यापेक्षा?"

"हो."

"तू पहिला कुठे पाहिलायस?"

"पाहिलाय की. तू नको म्हणालास त्याच्या दुसऱ्या दिवशी. शाळेतून अर्धी रजा टाकून गेले."

मी कॉफीचा पेला खाली ठेवला. बारा वर्षं ही बाई माझ्याकडे दिवाळीला येत होती, मी तिच्याकडे गौरीला जात होतो आणि त्यातलं एक अक्षर ती बोलली नव्हती.

"मग काही बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तू इतका खूश होतास." तिने कॉफीवरची साय बोटाने बाजूला केली. "हे बघ, आजच्यातली बाई कुणीही आहे. केस सोडलेत, डोळे पांढरे केलेत. तिच्याकडे बघून मला काही झालं नाही. लोक हसले, मीपण हसले. पहिल्यात माझी आई होती. तळहात दाराला कसा टेकवायची, तेसुद्धा होतं. बोटं उंबऱ्याला लावून उभी राहायची, ते होतं. दिग्दर्शकाने कुठे पाहिलं होतं माझ्या आईला? ते तू दिलंस. शेजारी बसलेली एक मुलगी बोटं दिसल्यावर किंचाळली. माझ्या आईच्या पायांना बघून, रे."

मी म्हणालो, "अक्का, त्यात कीव होती..."

"होती ना. म्हणून जास्त वाईट. चांगला होता म्हणूनच."

बाजूच्या टेबलावर एक कुटुंब डोसा खात होतं. मी स्वतःचा बचाव करायला लागलो. म्हणालो की मी कुणाचं नाव सांगितलं नाही. ती आजारी होती, त्यात लाजण्यासारखं काय. ती तशी का वागायची हे कुणालाच माहीत नव्हतं.

अक्काने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या फायलीत कागद सापडत नाही तेव्हा ती शाळेत जशी बघत असेल तशी.

"तुला खरंच माहीत नाही?"

"काय?"

"तुझी मुंज."

मुंजीत मी आठ वर्षांचा होतो. मला गोटा केलेलं डोकं आठवतं, दारातला मांडव आठवतो, कुणीतरी दिलेलं घड्याळ आठवतं.

"धारवाडहून मामीच्या माहेरचे सगळे आले होते," अक्का म्हणाली. "नवऱ्याने टाकलेली बाई समोर नको, कुणीतरी म्हणालं. मामी आईला म्हणाली, वन्सं, स्वल्प वेळ आत बसा, कार्य झालं की बोलावते. आई बसली. मला जा म्हणाली, पण मीपण तिच्याजवळ बसले. मातृभोजन झालं, पंगती झाल्या. खिडकीतून वास येत होता. आम्ही कुणाच्या लक्षातच राहिलो नाही. दिवे लागायच्या वेळेला आईने आतून दार वाजवलं. बाहेर ओसरीवर सगळे बसले होते. तिने विचारलं, येऊ का?"

ती थांबली. मला वाटलं, रडेल. पण तिने टेबल पुसणाऱ्या पोराला हात करून पाणी मागितलं.

"आणि तू ओरडलास, नको!"

"मी?"

"तू. मुंजीचा बटू, सगळे तुझं कौतुक करत होते. तू मजेत म्हणालास. सगळे हसले. मामी हसली, मामापण हसले. आईला वाटलं, खरंच अजून नको असेल. ती परत येऊन बसली. मामी ताट घेऊन आली तेव्हा आठ वाजून गेले होते. त्यानंतर ती कधी विचारल्याशिवाय बाहेर आली नाही."

मला आठवत नाही. मी तिला तेच म्हणालो आणि आज हे लिहितानाही आठवत नाही. मी खूप प्रयत्न केला आहे. ओसरी आठवते, माणसं आठवतात, घड्याळाचा पट्टा आठवतो. "नको" आठवत नाही. पण अक्का खोटं बोलत नाही, आणि आठ वर्षांचा मी कसा होतो हे माझ्यापेक्षा तिला जास्त माहीत आहे.

"पोर होतास," ती म्हणाली. "त्याचं मला काही नाही. पण मोठा झाल्यावर तू तिला वेडी म्हणून सांगितलंस. सिनेमावाल्याला, कॉलेजात, लग्नात. तुझ्या साडूच्या घरी मी तिथेच बसले होते आणि तू जोडव्यांचा आवाज काढून दाखवलास."

मी माफी मागितली. ती "सरी, जाऊ दे" म्हणाली आणि मला बस स्टॉपपर्यंत सोडायला आली. रस्त्यात तिने तिच्या गुडघ्यांचं सांगितलं. मला वाटतं, तिला माझी कीव आली होती.

गोष्ट इथे थांबली असती तर मी निदान थोडा सुधारलेला माणूस म्हणून हे लिहू शकलो असतो.

घरी आल्यावर मी दोन दिवस धुमसत होतो. स्वतःवर धुमसायला माणसाला फार वेळ जमत नाही, दुसरं कुणीतरी लागतं. तिसऱ्या दिवशी कॉलेजच्या स्टाफरूममधून मित्राला फोन केला. या वेळी त्याने लगेच उचलला. मी त्याला वाटेल तसं बोललो. तुझा दुसरा भाग म्हणजे घाण आहे, तुला त्या बाईचं काही पडलेलं नाही, ते आभार काढून टाक. तो शांतपणे ऐकत होता. त्या शांतपणाने माझं डोकं आणखी फिरलं. त्याला कुठेतरी लागावं म्हणून मी म्हणालो, "तुला माहीत आहे ती दार का वाजवायची?"

आणि मी सांगितलं. मुंज, मांडव, बंद खोली, खिडकीतून येणारा वास, दहा वर्षांची मुलगी आईजवळ बसलेली, बाहेर हसणारी माणसं, "नको" म्हणणारा बटू. सगळं सांगितलं. आणि सांगता सांगता मला जाणवलं की मी चांगलं सांगतोय. "येऊ का?" नंतर मी थांबलोसुद्धा.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "मगा, हे तू तेव्हा का नाही सांगितलंस?"

"आता सांगितलं. लाज वाटू दे."

"वाटतेय," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "मुलगी किती वर्षांची म्हणालास?"

मी फोन बंद केला. नंतर त्याला लिहून पाठवलं की यातलं काहीही वापरायचं नाही, माझी शपथ आहे. त्याचं उत्तर आलं की नाव कुणाचंच येणार नाही, काळजी करू नको, आणि या वेळी काम पहिल्यासारखं होईल, पाच-सहा माणसांत, प्रामाणिक. पहिल्यापेक्षाही चांगलं होईल, असं त्याला वाटतं. मलाही तसंच वाटतं, हे सगळ्यात वाईट आहे. त्याला गोष्ट कळली की तो ती वाया घालवत नाही.

मी आणखी दोनदा फोन केला. एकदा त्याच्या ऑफिसातही गेलो. खाली रिसेप्शनवरच्या बाईने बसायला सांगितलं, कॉफी दिली, आणि सर शूटिंगच्या जागा बघायला गेलेत म्हणाली.

गेल्या आठवड्यात अक्काचा फोन आला. तिच्या इमारतीतल्या बोअरवेलचं पाणी गेलंय, रोज टँकर मागवावा लागतो, हे सगळं बोलून झाल्यावर तिने विचारलं, "तिसरा भाग येतोय म्हणे. पेपरात होतं. तुला काही माहीत आहे का रे?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली, आणि गौरीला कधी येतोस ते विचारलं.